बिनआवाजाची पिशवी

“पिशवी जितकी जड, तितका डोळा आंधळा,” ताई एकदा म्हणाली होती.

म्हणाली होती एका गिऱ्हाइकाला. तो बापडा रस्त्यावरचे फोटो काढायला परगावी निघाला होता आणि निम्मं दुकान खांद्याला लटकवून न्यायच्या बेतात होता. ताईनं त्याच्या पुढ्यातून आधी तिपाई उचलली, मग फ्लॅश, मग फिल्टरांची डबी. तो हां हां म्हणेपर्यंत काउंटरवर उरलं ते एवढंच: एक जादा बॅटरी, एक जादा कार्ड, काच पुसायचं फडकं आणि मनगटाला अडकवायची काळी दोरी. “रस्ता तुमच्यासाठी थांबत नाही,” ती म्हणाली, “तुम्ही पिशवी उघडेपर्यंत माणूस घरी जाऊन जेवायला बसतो.” तो माणूस परत आला तेव्हा बाजारभर तिचं नाव सांगत फिरला. शेजारचा घड्याळवाला म्हणाला, “असं दुकान चालवलंस तर महिन्यात दिवाळं निघेल.” निघालं नाही. उलट लोक लांबून येऊ लागले, सामान घ्यायला कमी आणि कुठलं घेऊ नये ते ऐकायला जास्त.

तिला सगळा बाजार ताई म्हणायचा. तिच्याहून वयानं मोठे होते तेही. म्हणता म्हणता ते नावच होऊन बसलं, आणि खरोखरीची जी एकच धाकटी बहीण होती तिच्या तोंडी ते काही वेगळं लागेनासं झालं.

दुकान बोळासारखं अरुंद. दाराशी काचेचं काउंटर, काचेला एका कोपऱ्यात तडा, तड्यावर चिकटपट्टी. आत भिंतीशी बाबांची खुर्ची. बाबा पूर्वी कॅमेरे दुरुस्त करायचे. आता डोळ्यांपुढे उजेड आणि सावली एवढाच फरक उरला होता, पण कुणी जुना कॅमेरा घेऊन आलं की ते तो कानाशी धरत, शटर दाबत आणि सांगत, “दमलाय बिचारा. उघडतो वेळेवर, मिटायला उशीर करतो.” वर एखादी कोपरखळी मारत, “आपल्यासारखाच.”

उजव्या भिंतीवर ओळीनं चौकटी टांगलेल्या होत्या, विकायला. काही लाकडी, काही पत्र्याच्या. रिकाम्या चौकटी वाईट दिसतात म्हणून ताईनं त्यांत आपले फोटो घातले होते. तरुणपणी काढलेले, याच रस्त्यांवरचे. पावाच्या भट्टीबाहेर पीठ झटकणारा माणूस. पायऱ्यांवर झोपलेला हमाल, त्याच्या पोटावर झोपलेलं मांजर. गिऱ्हाइकं त्यांच्यासमोर उभी राहायची, मान तिरकी करायची आणि विचारायची, “ही चौकट याहून मोठी मिळेल का?” ताई म्हणायची, मिळेल. मग ती आपला हमाल काढून घ्यायची, चौकट पुसून द्यायची आणि हमालाला दुसऱ्या चौकटीत झोपवायची.

एकेकाळी तीही जायची होती. एका मोठ्या शहरात आठवडाभर नुसतं भटकायचं, फोटो काढायचे, असं ठरलं होतं. त्यासाठी तिनं स्वतःच्या हातानं पिशवी शिवली होती. जाड सुती कापड, धुळीच्या रंगाचं, गर्दीत डोळ्यात न भरणारं. झाकणाला साखळी नाही, चाप नाही. जुन्या कोटाची दोन मोठी बटणं. उघडलं तरी आवाज नाही, मिटलं तरी नाही. पण पिशवी तयार झाली तेव्हा बॅटरी बेताचीच वाटली. बॅटरी आली तेव्हा लेन्स जरा लांबची वाटली. लेन्स बदलली तोवर हिवाळा संपला होता आणि तिला उन्हाळ्यातला उजेड आवडत नसे. पुढच्या हिवाळ्यात बाबांचे डोळे गेले. बाबा म्हणाले होते, “तू जा, मी आठ दिवस खुर्चीत बसून राहीन, कुणी खुर्ची चोरणार नाही.” ती गेली नाही. लोकांना कारण सांगताना बाबांचे डोळे सांगायची. पिशवी काउंटरखाली खोक्यांच्या मागे गेली आणि काही काळानं तिथून जड पिशवीचं आणि आंधळ्या डोळ्याचं ते वाक्य बाहेर आलं, जे सगळ्यांना इतकं आवडलं.

धाकटीनं कॅमेरा हातात घेतला तो पुष्कळ नंतर. ती पार्सलच्या कचेरीत खोक्यांवर शिक्के मारायची. एकदा दुपारच्या सुट्टीत दुकानात आली, म्हणाली, “ताई, एखादा जुना दे ना, नुसता खेळायला.” ताईनं दिला. कोपर बरगडीला कसं टेकवायचं ते शिकवलं, श्वास कुठं रोखायचा ते शिकवलं. लाडानं शिकवलं. शिकवताना माणूस फार उदार असतो, कारण शिकणारा अजून खाली असतो.

धाकटी वेंधळी. लेन्सची टोपणं हरवायची, बॅटरी भरायला विसरायची, कॅमेरा रुमालात गुंडाळून डब्याच्या पिशवीत ठेवायची. दर महिन्याला नवीन टोपण न्यायला यायची आणि ताई म्हणायची, “टोपणं खातेस की काय?” आणि त्या वेंधळ्या हातांनी काढलेले फोटो बघताना ताईच्या पोटात कुठंतरी, बरगडीच्या खाली, खडा टोचल्यासारखं व्हायचं. पहिल्यांदा तिला वाटलं, पित्त असेल.

पित्त नव्हतं. ते तिला मास्तर आले त्या दिवशी कळलं.

मास्तर म्हणजे शहरातल्या फोटोग्राफीच्या वर्गाचे. वर्षानुवर्षं ताईकडूनच सामान नेणारे. ते आले, काउंटरवर दोन्ही हात ठेवले आणि म्हणाले, “एक काम घेऊन आलोय. यंदा आम्ही सहाजण दौऱ्यावर निघालोय. नुसते रस्ते. परत आल्यावर पुस्तक काढायचंय. एक जागा राहिलीय, आणि माझ्या मनात एकच नाव आहे.”

ताईनं हात पुसले. का पुसले तिला कळलं नाही. हात कोरडेच होते. भिंतीवरचा हमाल तिला पाठीत जाणवला.

“तुमची धाकटी कुठं असते दुपारची?” मास्तर म्हणाले. “वाचनालयाच्या जिन्यात तिचे चार फोटो लागलेत, ते बघून आलो. काय नजर आहे हो त्या पोरीची. तुम्ही शिकवलंत ना तिला? म्हणून म्हटलं, आधी तुमच्या कानावर घालावं.”

“पार्सलच्या कचेरीत,” ताई म्हणाली. “मागच्या दारानं जा. पुढून आत सोडत नाहीत.”

मास्तर गेले. बाबा खुर्चीतून म्हणाले, “बरं झालं हो. एकीनं तरी जायला हवं होतं.” ताईनं काउंटरची काच पुसायला घेतली. तडा पुसला जात नाही हे माहीत असूनही तिथंच पुसत राहिली.

कानामागून आली आणि तिखट झाली, असं म्हणतात. म्हण सोपी आहे. ज्याचा कान असतो त्याला विचारावं. त्या संध्याकाळी ताई धाकटीच्या घरी गेली, तिच्या नवऱ्यानं आणलेली मिठाई तिनं खाल्ली, धाकटीच्या पाठीवर हात फिरवला, हसली. तोंड गोड आणि घशात राख. धाकटी म्हणाली, “ताई, मला काय न्यायचं ते काही समजत नाही. तू देशील तेच नेणार. तू म्हणालीस अनवाणी जा तर अनवाणी जाईन.”

“ये शनिवारी,” ताई म्हणाली. “मी काढून ठेवते.”

आणि तिनं काढून ठेवलं. यात वाईट काही नव्हतं, कुणीही येऊन बघावं. दुकानातलं सगळ्यात चांगलं होतं ते. निळी पिशवी, आत गादी लावलेली, पाण्याचा थेंब आत न जाणारी, झाकणाला रुंद वेल्क्रो. गळ्यात घालायचा मऊ, जाड पट्टा, लाल, त्यावर कंपनीचं नाव पांढऱ्या अक्षरांत, पलीकडच्या फुटपाथवरून वाचता येईल असं. लेन्सला लावायचं मोठं हूड, तोफेच्या तोंडासारखं. छोटा फ्लॅश. घड्याळवाला कुठल्यातरी पट्ट्याचा चाप मागायला आला होता, तो ते सगळं बघून म्हणाला, “बहीण असावी तर अशी. आमच्या थोरल्यानं मला कधी घड्याळाचा काटा दिला नाही.”

“तुम्ही मागितलात का?” ताई म्हणाली.

“मागितला असता तर त्यानं तासाचा दिला असता. मिनिटाचा ठेवून घेतला असता.”

ताई हसली. हसू ओठांवर आलं आणि तिथंच वाळलं. कारण मिनिटाचा काटा तिनंही ठेवून घेतला होता, आणि तो कुठला ते तिला नेमकं माहीत होतं. ती निळी पिशवी भक्कम होती, पण उघडताना खर्र वाजायची. मांजर भिंतीला नखं घासतं तसं. रस्त्यावर तो आवाज झाला की वीस पावलांवरचं माणूस वळून बघतं, आणि वळून बघणाऱ्या माणसाचा फोटो म्हणजे आपल्याकडे बघणारा माणूस, एवढंच. ज्याच्यासाठी आपण थांबलो होतो तो त्याच्या चेहऱ्यातून निघून गेलेला असतो. लाल पट्टा दुरून सांगतो, फोटोवाली आली. तोफेचं तोंड बघून बायका पदर सावरतात, दुकानदार विचारतात, कुठल्या पेपरातून आलात. ताई हे सगळं गिऱ्हाइकांना हसत हसत सांगायची. धाकटीला तिनं सांगितलं नाही. काही खोटंही बोलली नाही. फक्त सगळ्यात महागडं ते दिलं. प्रेम आणि मत्सर दोघंही सढळ हातानं देतात. देताना हात सारखेच दिसतात.

शनिवारी धाकटी आली. केस ओले, एका कानात डूल, दुसऱ्यात नाही. सामान बघून तिचे डोळे भरून आले.

“ताई, एवढं? हे सगळं माझ्यासाठी?”

“दौरा आहे. खेळ नाही.”

“मला वाटलं होतं तू एक बॅटरी देशील आणि हाकलशील.”

“ते गिऱ्हाइकांसाठी,” ताई म्हणाली. “तू काय गिऱ्हाईक आहेस?”

धाकटीनं पिशवी गळ्यात अडकवली, झाकण उघडून बघितलं. खर्र.

खुर्चीत बाबांची मान वर झाली.

“निळ्यातली का?” त्यांनी विचारलं.

“हो,” ताई म्हणाली. “भक्कम आहे.”

“भक्कम आहे खरी.” बाबांची नजर ताईच्या बाजूला वळली, थोडी चुकून, तिच्या खांद्यापलीकडं, चौकटींकडं. “मग फेरी मारून येऊ दे तिला.”

फेरी हा त्या दुकानाचा नियम होता, बाबांनी घातलेला. दौऱ्यावर निघणाऱ्यानं भरलेली पिशवी घेऊन बाजाराची एक फेरी मारायची, खरेखुरे फोटो काढायचे आणि परत यायचं. ज्या वस्तूला हात लागला नाही ती काउंटरवर ठेवून जायची. ताईनं तो नियम शेकडो गिऱ्हाइकांना लावला होता. या वेळी ती विसरली होती. विसरली होती असंच म्हणू.

“नको बाबा, उशीर होईल तिला.”

“होऊ दे. रस्ता कुठं पळून जातोय?”

धाकटी गेली. ताई काउंटरशी उभी राहिली. तिला दुकानातून फार लांबचं दिसत नसे, पण ऐकू येत होतं असं तिला वाटलं. कोपऱ्यावर खर्र. भाजीच्या गाड्यांपाशी खर्र. प्रत्येक वेळी एक मान वळत असेल. तिला बरं वाटलं. बरं वाटलं याचीच लाज वाटली. एक गिऱ्हाईक येऊन लेन्सचं टोपण मागू लागलं, तिनं चुकीच्या मापाचं दिलं, त्यानं परत दिलं, तिनं पुन्हा तेच दिलं.

“ताई, बरं नाही का?”

“उकडतंय,” ती म्हणाली.

बाबा मांडीवर एक जुना कॅमेरा घेऊन त्याचं शटर दाबत होते. उघड, मिट. उघड, मिट. ओरडले असते तर परवडलं असतं.

धाकटी परत आली ती वेगळीच. खांद्याला पट्ट्याचा वळ, चेहरा उतरलेला. तिनं पिशवी काउंटरवर ठेवली आणि स्टुलावर बसली.

“काय झालं?”

“काही नाही. बघ तूच.” तिनं कॅमेऱ्याचा पडदा पुढं केला. “हा इस्त्रीवाला. असा बघतोय, जसं काही मी त्याची इस्त्री घेऊन पळतेय. ही फुलवाली. ही तर पाठमोरी होती गं, काय सुंदर वाकली होती, मी पिशवी उघडली आणि ती वळून म्हणाली, काय पाहिजे. हे बघ, हा पण. सगळे माझ्याकडंच बघतायत. आजवर असं कधी झालं नव्हतं.”

“होतं कधीकधी.”

“तुझ्या सामानाचा दोष नाही. इतकं चांगलं सामान. माझाच हात जड झाला. मास्तरांनी उगाच डोक्यावर बसवलं, आणि मी बसले.” तिनं ओल्या केसांतून बोटं फिरवली. “ताई, खरं सांगू? तूच जा. मी बोलते मास्तरांशी. जायला तूच हवी होतीस. तुझे ते भिंतीवरचे बघून तर मी कॅमेरा मागितला होता. तुला कधी सांगितलं नाही, तू म्हणाली असतीस चौकटीसाठी लावलेत.”

हेच ऐकायचं होतं. किती वर्षं ऐकायचं होतं. आणि आता ते वाक्य काउंटरवर पडलं होतं, वेल्क्रोच्या पिशवीशेजारी, आणि ताईला ते उचलता येईना. नुसतं हो म्हणायचं होतं. हो सुद्धा नाही, नुसतं बघू म्हणायचं होतं. तिच्या जिभेच्या टोकावर ते आलंही होतं.

धाकटी एकेक फोटो पुढं सरकवत होती, पुसत होती. “हा गेला. हा गेला.” मग थांबून हसली. “आणि हा तर बघ. सगळ्यात वाईट. सगळेच्या सगळे.”

ताईनं बघितलं.

न्हाव्याच्या दुकानाबाहेरचं बाकडं. न्हाव्याचा हात वस्तऱ्यासकट हवेत. खुर्चीतला माणूस तोंडाला फेस लावलेला, त्याचे डोळे आरशातून आलेले. बाकड्यावर कांद्यांची पिशवी घट्ट धरलेली म्हातारी, दोन शाळकरी मुली, एकीच्या तोंडात वेणीचं टोक. बाकड्याखालचं कुत्रंसुद्धा. सगळे एकाच क्षणी वळले होते आणि सगळ्यांचे चेहरे उघडे पडले होते, जणू कुणीतरी त्यांना त्यांच्या लहानपणीच्या, आता कुणालाच माहीत नसलेल्या नावानं हाक मारली होती. कुणी रागावलेलं नव्हतं. सगळे वाट बघत होते. ती हाक म्हणजे तो खर्र होता. ताईनं तो पिशवीला बांधून पाठवला होता, आणि त्या वेंधळीनं त्याचंही हे करून आणलं होतं.

असा फोटो ताईनं उभ्या आयुष्यात काढला नव्हता. हमाल चांगला होता. मांजर चांगलं होतं. पण झोपलेल्यांचे फोटो होते ते. तिला नेहमी झोपलेली, पाठमोरी, आपल्याकडे न बघणारी माणसं लागत. तिनं सारी अक्कल, ती काळी दोरी आणि बिनआवाजाची पिशवी त्यासाठीच जमवली होती. आपल्याकडे इतक्या जणांनी बघितलं तर काय करायचं, हे तिला कधी सुचलंच नव्हतं. विष दिलं तरी हिच्या पोटात त्याचं दूध होतं, तिच्या मनात आलं, आणि तो खडा बरगडीखालून वर सरकला.

धाकटीचा अंगठा पुसायच्या बटणाकडं गेला.

बाबांना दिसत नव्हतं. धाकटीला कळलं नव्हतं. त्या फोटोत काय आहे ते जगात एकट्या ताईला माहीत होतं, आणि तिला काहीच करायचं नव्हतं, फक्त गप्प बसायचं होतं. गप्प बसणं तिला चांगलं जमायचं.

तिनं कॅमेरा धाकटीच्या हातातून काढून घेतला. जरा जोरातच.

“काय गं?”

ताईनं तळाचं झाकण उघडलं, कार्ड काढलं. कार्डाच्या कडेला नखाएवढी एक खिट्टी असते. ती खाली केली की कार्डावरचं काही पुसता येत नाही, नवं घालता येत नाही. गिऱ्हाइकं ती खिट्टी विसरतात आणि कॅमेरा बिघडला म्हणून धावत येतात. ताईनं नखानं ती खाली केली. कार्ड फडक्यात गुंडाळलं. मग खाली वाकली. खोकी सरकवली. धुळीच्या रंगाची पिशवी बाहेर काढली, झटकली. धूळ उडाली, रंग बदलला नाही. लाल पट्टा सोडवला, काळी दोरी अडकवली. हूड काढलं. कॅमेऱ्याच्या कपाळावरच्या चकचकीत नावावर काळ्या चिकटपट्टीचा तुकडा लावला. पिशवीत कॅमेरा ठेवला, एक बॅटरी टाकली, एक कोरं कार्ड टाकलं, फडक्यातलं कार्ड आतल्या खिशात खोलवर ठेवलं. कोटाची दोन्ही बटणं लावली. कसलाही आवाज झाला नाही.

धाकटी बघत राहिली होती. “ही तर तुझी, ताई. ही तू कुणाला हात लावू देत नाहीस.”

ताईनं पिशवी तिच्या मांडीवर ठेवली. ठेवताना बोटं क्षणभर बटणावर राहिली, आणि धाकटीला वाटलं की ती परत घेणार. तसं तिच्या मनात होतंही. मत्सर गेला नव्हता, कुठंही जाणार नव्हता.

“कसा आलाय?” बाबांनी खुर्चीतून विचारलं. त्यांनी शटर दाबायचं थांबवलं होतं. “तो शेवटचा. कसा आलाय गं?”

ताईनं जवळचं बघायचा चष्मा काढून काउंटरवर ठेवला. चपला शोधल्या, पायात सरकवल्या. काउंटरची फळी वर केली आणि बाहेर आली. दारात टोपणाचं माप बदलायला आलेलं तेच गिऱ्हाईक पुन्हा उभं होतं. ते बाजूला झालं.

“ताई, कुठं चाललीस? दुकान?” धाकटी म्हणाली.

ताईनं फळी खाली सोडली, पायरी उतरली आणि रिकाम्या हातांनी, वळून बघणाऱ्यांना बघू देत, न्हाव्याच्या दुकानाच्या दिशेनं चालत गेली.